पायरीवर झोपणाऱ्या आबांचा पत्ता

(नांदेडमधल्या एका शहरी बेघर निवाऱ्यात नऊ वर्षं व्यवस्थापक असलेल्या ताई या महिन्यात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : नांदेडला स्टेशनच्या रस्त्यावर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीपासून सत्तरीतले एक आबा रात्री माझ्या दुकानाच्या पायरीवर झोपतात. सकाळी मी शटर उघडायच्या आत पायरी झाडून निघून जातात. दारू नाही, कुणाला त्रास नाही. थंडीत मी त्यांना घोंगडी दिली. निवाऱ्यात चला म्हणून दोनदा म्हटलं, तर नुसतं 'नको' म्हणतात. शेजारचे दुकानदार म्हणतात, पोलिसांना सांग, उचलून नेतील. मला ते पटत नाही, पण पावसाळा तोंडावर आलाय. काय करू?
– एक दुकानदार, नांदेड

उत्तर : दादा, तुम्ही पत्रात 'पायरी झाडून जातात' असं लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं. दुसऱ्याची पायरी झाडून ठेवायची ज्याला चाड आहे, त्याच्या 'नको'लाही काहीतरी कारण असणार. ते कारण कळेपर्यंत पोलिसांना बोलावू नका.

उचलून आणलेला माणूस टिकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका थंडीत रात्री गाडी फिरवून अकरा जणांना आमच्याकडे आणून सोडलं. पाचव्या दिवशी दोघंच उरले. त्या घाईत एका म्हाताऱ्याचं गाठोडं फुटपाथवरच राहिलं. त्यात आधार कार्ड, दवाखान्याची चिठ्ठी आणि बायकोचा एक फोटो होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी जणी शोधत फिरलो, कचऱ्याच्या गाडीवाल्यांना विचारलं. सापडलं नाही. तो माणूस परत कधी आमच्या दारात आला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग काय करायचं? दुकान बंद करताना दहा मिनिटं त्यांच्याशेजारी पायरीवर बसा. उभ्यानं विचारू नका. उभ्या माणसाला ते 'नको'च म्हणतील. निवाऱ्याचं नाव न काढता गाव कोणतं, काम काय केलं, जेवण कुठं होतं, एवढंच विचारा. कारण हळूहळू बाहेर येतं.

नऊ वर्षांत मी ऐकलेली कारणं सांगते. एकाचा हातगाडा होता. गाडा बाहेर ठेवला तर रात्रीतून जाईल, म्हणून तो गाड्यावरच झोपायचा. आम्ही आवारात साखळीसाठी कडी बसवली, तेव्हा आला. भंगार वेचणारं एक नवराबायकोचं जोडपं आलं, पण बायांचा हॉल वेगळा आणि गड्यांचा वेगळा म्हटल्यावर बाई म्हणाली, "तीस वर्षं एका पत्र्याखाली झोपलो, आता म्हातारपणी येगळं कामून?" तिचं बरोबर होतं. कुटुंबांसाठी वेगळा निवारा असावा असं नियमातच आहे, आणि तो आम्हाला देता आला नाही, हे आमचं उणं. एकजण कुत्र्यासाठी आला नाही. पहाटे मजूर अड्ड्यावर उभं राहायचं असतं अशांना लांबचा निवारा परवडत नाही, रिक्षाला द्यायला पैसे कुठून आणायचे? आणि पुष्कळ म्हाताऱ्यांना वाटतं की हे भिक्षेकरी गृह आहे, आत गेलं की सुटका नाही. भीक मागण्याविरुद्धचा १९५९ चा कायदा आपल्याकडे अजून आहे, आणि भिकाऱ्यांना पकडणारी गाडी आली की पळायचं हे त्यांच्या हाडात बसलेलं असतं. तुमच्या आबांच्या मनात हेच असेल तर त्यांना दिवसाउजेडी घेऊन या, झोपायला नव्हे, नुसतं चहाला. दार आतूनही उघडतं हे त्यांना स्वतः बघू द्या.

निवारा म्हणजे काय, ते तुमच्या शेजाऱ्यांनाही सांगा. २०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झालं, त्यातली ही सोय. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांच्या कायम निवाऱ्याची व्यवस्था हवी, माणसी किमान पन्नास चौरस फूट जागा हवी, आणि निवारा बाराही महिने, चोवीस तास उघडा हवा, असं त्यात लिहिलंय. फक्त थंडीतला मांडव म्हणजे निवारा नव्हे. २०११ च्या जनगणनेत आपलं नांदेड साडेपाच लाखांचं होतं. म्हणजे त्याच हिशेबानं साडेपाचशे माणसांची सोय इथं हवी. तुमच्या व्यापारी मंडळाची बैठक असेल तेव्हा आबांना हलवण्याऐवजी हा आकडा महापालिकेसमोर ठेवा. दुकानदारांनी विचारलं तर उत्तर लवकर येतं.

लोकांना वाटतं, आम्ही गादी, पांघरूण आणि अंघोळीचं पाणी देतो. देतोच. पण मला विचाराल तर आम्ही देतो ती सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पत्ता. पत्ता नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून बँकेचं खातं नाही, आणि खातं नाही म्हणून सरकारी पेन्शन नाही. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखानं ठरलेल्या नमुन्यात दाखला दिला तर तो आधारला पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. मी सही करते तेव्हा पेन जपून धरते, कारण पुढची सगळी साखळी त्या कागदावर लोंबकळते.

आमच्याकडे एक मावशी होत्या. खानावळीत भांडी घासून बोटं अशी झिजलेली की मशीन ठसाच घेईना. तीन वेळा त्यांना एका केंद्रावरून परत पाठवलं, तेही रांगेत तासन्‌तास उभं करून. चौथ्या वेळी मी सोबत गेले आणि डोळ्यांची बुबुळं घ्या म्हटलं. दोन मिनिटांत काम झालं. श्रावणबाळ या म्हाताऱ्यांच्या पेन्शन योजनेचे पहिले १,५०० रुपये खात्यात पडले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "हे परत तर नाही ना मागणार?" त्या पैशातून त्यांनी आधी चष्मा केला.

तुमचे आबा ६५ च्या पुढचे असतील तर त्यांनाही हीच योजना लागू होईल. १५ वर्षं महाराष्ट्रात राहिलेलं असावं आणि वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असावं. अर्ज तहसीलला, निराधारांच्या योजना बघणाऱ्या संजय गांधी शाखेत. आधार पूर्वी काढलेलं असून हरवलं असेल, तर नवीन काढायला जाऊ नका. आधार केंद्रात ठशांवरून जुनाच नंबर सापडतो.

आणि समजा, सगळं सांगूनही ते आलेच नाहीत. तरी पायरीवर राहणारा माणूस नागरिकच आहे. हे फार थोड्यांना माहीत असतं, पण मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही. फॉर्म ६ मध्ये झोपायची जागा लिहायची. मग मतदान केंद्राचा अधिकारी, ज्याला बीएलओ म्हणतात, रात्री येऊन माणूस खरंच तिथं झोपतो का ते बघतो. एकाहून जास्त रात्री येतो. तुमच्या दुकानाची पायरी हाच आबांचा पत्ता होऊ शकतो. तुमची त्याला हरकत नसावी, एवढीच माझी विनंती.

जेवणाची काळजी नांदेडात जरा कमी. ते बहुतेक गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवत असतील. तिथं कुणी नाव-गाव विचारत नाही, आणि पंगतीत बसवून वाढतात. म्हणून तर कित्येक बेघर माणसं या शहरात टिकून आहेत. लंगर लांब पडत असेल तर शिवभोजन थाळी दहा रुपयांत मिळते : दोन चपात्या, भाजी, वरण, भात. ती दुपारची असते, रात्रीची नव्हे.

आता एक गोष्ट मात्र करू नका. त्यांच्या मुलाचा नंबर शोधून परस्पर फोन लावू नका. एका भल्या माणसानं तसं केलं होतं. मुलगा गाडी घेऊन आला, आणि बाबा मागच्या गल्लीतून निघून गेले ते कायमचे. घरी काय घडलं होतं ते आपल्याला ठाऊक नसतं. आबांनीच पोटगी हवी म्हटलं तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही. पण ते आबांनी म्हणावं. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

पावसापुरतं : पायरीवर चार विटांवर एक फळी टाका, वरून ताडपत्रीचा पदर सोडा. ओल खालून येते, ती म्हाताऱ्या हाडांना आधी धरते. पायाला जखम, सूज दिसली तर वाट बघू नका, १०८ लावा.

प्रश्न : ताई, मी परभणीत चार घरी धुणीभांडी करते. नवऱ्यानं सोडल्याला सहा वर्षं झाली, कोर्टात केस चालू आहे. दोन लेकरं माझ्याजवळ आहेत. रेशन कार्ड सासरी, हिंगोलीकडच्या खेड्यात आहे. इथला दुकानदार म्हणतो, तुझं नाव इथं नाही. मला धान्य मिळेल का?
– नाव छापू नये

उत्तर : मिळेल, बाई. त्या कार्डावर तुमचं आणि लेकरांचं नाव असेल, ते अन्नसुरक्षेच्या यादीत असेल आणि आधार जोडलेलं असेल, तर परभणीतल्या कुठल्याही स्वस्त धान्य दुकानात तुमच्या अंगठ्यावर धान्य निघतं. कार्ड 'प्राधान्य कुटुंब' प्रकारातलं असेल तर माणसी पाच किलो, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते फुकट आहे. पैसे मागितले तर देऊ नका. 'नाव इथं नाही' म्हणणाऱ्या दुकानदाराला म्हणा, मशीनवर नंबर टाकून बघा. ऐकलं नाही तर १९६७ या रेशनच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. फोन दुकानासमोरच उभं राहून केला तर बरं.

अडचण वेगळीच येईल. कार्ड एकच असल्यामुळे सासरच्यांनी महिन्याचं सगळं धान्य आधीच उचललं, तर तुमच्या मशीनवर शून्य दिसेल. म्हणून तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव कमी करून विभक्त कार्डासाठी अर्ज करा. तिथं नवऱ्याची सही आणा म्हणतील. तेव्हा कोर्टातल्या केसची प्रत पुढं करा, आणि अर्ज घेतलाच नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. फोन करायचा तर १५१००.

केस चालू आहे म्हणालात, तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही करा. घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेल्या बाईला ती लागू आहे. महिन्याला १,५०० येतात. दोन लेकरांचं त्यात काही भागत नाही, हे मला कळतं. पण खोलीचं अर्धं भाडं तरी सुटेल.

प्रश्न : आईला छत्रपती संभाजीनगरला घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात ठेवलंय. आम्ही जालन्याचे. दोन आठवडे झाले, मी वॉर्डाबाहेर व्हरांड्यात झोपतोय. एका तपासणीसाठी बाहेरच्या ट्रस्टच्या दवाखान्यात जा म्हणतात, पण पैसे नाहीत.
– एक मुलगा

उत्तर : बाळा, उद्या सकाळी वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांची खोली विचार. प्रत्येक शासकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात हे पद असतं, फक्त पाटी कोपऱ्यात असते. त्यांच्याकडून त्या ट्रस्टच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी घे. धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या दवाखान्यांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना वर्षाला १,८०,०००, दुर्बलांना ३,६०,०००. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळं रेशन कार्ड सोबत ठेव. काउंटरवर नाही म्हणाले तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज दे, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस.

रात्रीसाठी महापालिकेच्या निवाऱ्यात विचार. आमच्या इथं पेशंटचे नातेवाईक येतात, आम्ही ठेवून घेतो. आईच्या केसपेपरची झेरॉक्स खिशात असू दे. आणि वॉर्डातल्या सिस्टरला तुझा फोन नंबर लिहून दे, म्हणजे रात्री तू बिनघोर झोपशील.