मीटिंगमागून मीटिंग

प्रश्न : मी पुण्यात घरून काम करते. टीम न्यूयॉर्कच्या वेळेवर, त्यामुळे संध्याकाळी साडेसहापासून दहापर्यंत ओळीने व्हिडिओ मीटिंग असतात. शेवटी डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात. चष्म्याचा नंबर तपासला, तोच आहे. कॅमेरा बंद ठेवू का?

उत्तर : सगळाच बंद नको, पण कमी जरूर करा. अमेरिकेत प्रत्यक्ष कर्मचाऱ्यांवर झालेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅमेरा सुरू असताना थकवा जास्त आढळला. बायकांना आणि कामावर नव्याने लागलेल्यांना तर अधिकच. सुरुवातीची पाच मिनिटं चेहरा दाखवा, 'आता फक्त ऐकते' असं सांगून मग बंद करा. न सांगता केलं की गैरसमज होतात.

कॅमेरा सुरू ठेवावाच लागला तर निदान स्वतःला पाहणं थांबवा. आरसा समोर धरून तासभर कोण बोलेल? झूममध्ये आपल्या चौकटीवरच्या तीन टिंबांत 'हाइड सेल्फ व्ह्यू' आहे. इतरांना तुम्ही दिसत राहता. मीटिंगची विंडोही फुल स्क्रीन ठेवू नका, समोरचे चेहरे लहानच बरे.

आवाजाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू झाला की बऱ्याच संचांत ऐकू येणाऱ्या आवाजाचा दर्जा घसरतो आणि शब्द पकडायला कान ताणावे लागतात. सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, स्पीकर हेडफोनचा. खोलीत आवाज घुमत असेल तर साधा वायरचा इअरफोन उत्तम.

डोळे चुरचुरतात ते पापण्या कमी मिटल्याने. पंख्याचा झोत तोंडावर असेल तर आणखी कोरडे पडतात. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, 20 फुटांपलीकडे बघा. फ्लॅटच्या खोलीत एवढं अंतर मिळत नाही, तेव्हा खिडकीतून समोरच्या इमारतीकडे.

गूगल कॅलेंडरमधलं 'स्पीडी मीटिंग्ज' सुरू केलं की अर्ध्या तासाची मीटिंग 25 मिनिटांची होते, तासाची 50. मात्र तुम्ही लावलेल्या मीटिंगपुरतंच. बाकीच्यांना तेच करायला सांगावं लागेल. उरलेल्या मिनिटांत ईमेल उघडू नका, उठून पाणी प्या.

आणि हे ऑक्टोबरातच बोलून घ्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग तुमचे दहाचे अकरा होतात. कुठली मीटिंग नुसत्या फोनवर भागेल आणि कुठलीऐवजी चार ओळींचा मेसेज पुरेल, ते त्याआधी टीमशी ठरवा.