रस्ता बंद पडला तरी लाइन चालू राहावी म्हणून छोट्या कारखान्याने काय करावं? सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की रबाळेत युनिट आहे, दर पावसाळ्यात कुठला ना कुठला माल अडकतो, 'प्रत्येक आयटमला दोन सप्लायर असूनही'. त्या 'असूनही'पाशीच मी थांबलो.

आमचेही दोन होते. वागळे इस्टेटमधल्या व्हॉल्व्हच्या कंपनीत मी बावीस वर्षं स्टोअर आणि परचेस सांभाळतोय. बॉडी कास्टिंगची (व्हॉल्व्हचा ओतीव सांगाडा) एक फाउंड्री कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला, दुसरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. यादी दाखवली की ऑडिटवाले खूश. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा महामार्गावर आली, शिरोलीच्या पुलाजवळ रस्ता जवळपास आठवडाभर बंद राहिला, आणि डोक्यात प्रकाश पडला की आपल्याला सप्लायर एकच आहे. दोघेही पुलाच्या पलीकडचे!

फाउंड्रीत पाण्याचा थेंब शिरला नव्हता, हे जास्त जिव्हारी लागलं. चार इंची १४० बॉडी, फेटलिंग (ओतकामानंतरची घासून साफसफाई) होऊन, रेड ऑक्साइड मारून गाडीत चढलेल्या. ड्रायव्हर उजळाईवाडीजवळ रांगेत. रोज सकाळी त्याचा व्हॉट्सॲपवर एकच फोटो यायचा, पुढच्या ट्रकचा फाळका. तिसऱ्या दिवशी त्या ट्रकखाली स्टोव्ह आणि पातेलं दिसलं, तेव्हा समजलो की हे काही लवकर सुटत नाही.

आमचे तेव्हाचे प्लांट हेड म्हणाले, गाडी गगनबावड्यावरून काढा. तो रस्ता पावसाळ्यात सगळ्यात आधी पाण्याखाली जातो, हे कोल्हापूरचं शेंबडं पोरही सांगेल. मग म्हणाले, बेळगावची फाउंड्री गाठा. अहो, बेळगावही त्याच पुलाच्या पलीकडे! नकाशा काढून टेबलावर ठेवला तर 'निगेटिव्ह बोलू नका'. शिवाय नवीन फाउंड्री म्हणजे नुसता एक फोन नव्हे. आमचे सगळे पॅटर्न (ज्यावरून साचा बनवतात तो नमुना) शिरगाव-कागलमध्ये पडलेले, पॅटर्नशिवाय ती ओतणार काय? रस्ता सुटला तरी ओतकाम लगेच सुरू झालं नाही, कारण मोल्डिंगची बरीच माणसं आंबेवाडी-चिखलीकडची आणि त्यांच्या घरात चिखल. लाइन नऊ दिवस थांबली. तेवढ्या वेळात साहेबांनी फिटर मंडळींकडून शॉपफ्लोअरवर पिवळे पट्टे मारून घेतले. ग्राहकाने एलडी, म्हणजे उशिराचा दंड, कापली ती वेगळीच.

भांडण खरं त्याच वर्षी मार्चमध्ये झालं होतं. कास्टिंगचा साठा मी तीस दिवसांचा ठेवत असे, साहेबांनी तो सातवर आणला. 'टोयोटा बघा, जस्ट इन टाइम.' म्हणजे माल लागेल तेव्हाच मागवायचा. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. २०२१ साली चिपच्या टंचाईच्या बातम्यांत वाचलं की २०११च्या जपानच्या भूकंपात हात पोळल्यावर टोयोटानेच सप्लायरना चिपचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला होता. (पुढे त्यांनाही उत्पादन कमी करावं लागलं, हे मान्य. पण बाकीच्यांपेक्षा उशिरा.) साहेब तोवर पुण्याला गेले होते. हे वाचत असतील तर बरंच.

आता आम्ही १५ जूनपर्यंत कास्टिंगचा पंचवीस दिवसांचा साठा करतो. मुख्य चार साइझच्या पॅटर्नचा दुसरा सेट राजकोटला आहे. आणि जुलैपासून रोज चहाच्या आधी पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी बघतो. इशारा ३९ फुटांना, धोका ४३ला. मी ३५लाच तयार माल उचलायला गाडी लावतो. २०१९ला ती ५५च्या वर गेली होती. २०२१च्या जुलैत शिरोलीला पुन्हा पाणी आलं, आमची गाडी पुन्हा अडकली, लाइन मात्र चालू होती.

राजकोटचा माल किलोमागे महाग पडतो. घोडबंदरला रखडतो तो वेगळा, पण ती काही आपत्ती नव्हे, रोजचंच आहे. आणि त्यांना वर्षभर थोडी तरी ऑर्डर द्यावी लागते, नाहीतर अडचणीत तुमचा फोन कोण उचलतंय.

सगळ्याच आयटमचा साठा मात्र करत बसू नका. नट-बोल्ट, गॅस्केट ठाण्यात संध्याकाळपर्यंत मिळतं. स्टोअर तळमजल्यावर असेल तर रॅकचा खालचा कप्पा मेपासून रिकामा ठेवा. २६ जुलै २००५ला आमची ग्लँड पॅकिंगची खोकी गुडघाभर पाण्यात तरंगत होती.

सॉफ्टवेअरचं राहिलंच. आमचं एक्सेलवर चालतं. सप्लायरच्या नावापुढे एक रकाना वाढवलाय: 'मधे कुठला पूल, कुठला घाट'. एकाच आयटमच्या दोन्ही सप्लायरपुढे तेच नाव आलं की ती ओळ लाल करतो. पहिल्या वेळी अर्धी शीट लाल झाली होती. न्हावाशेव्याहून कंटेनरने येणाऱ्या मालातलं मला कळत नाही, ते बंदरावर काम करणाऱ्या कुणाला तरी विचारा.