तासांची वही बंद करा

प्रश्न : माझा मुलगा अकरावी विज्ञान शाखेत आहे. दहावीला ९२ टक्के होते, आता सहामाहीत ५८. पहाटे साडेचारला मी स्वतः त्याला उठवतो, रात्री बारापर्यंत तो टेबलाशी असतो. मी समोर बसून किती तास अभ्यास झाला ते वहीत लिहून ठेवतो. मोबाइल काढून घेतला, फुटबॉल बंद केला. एकेक धडा चार-चार वेळा वाचूनही पेपरात आठवत नाही म्हणतो. पेपरच्या दिवशी सकाळी उलट्या करतो, मला ते नाटक वाटतं. आम्ही त्याच्यासाठी इतकं करतो, पण त्याला जाणीव नाही. क्लास बदलावा, की त्याला कॉमर्सलाच टाकावं? – एक पालक

उत्तर : क्लासचं आणि शाखेचं नंतर बघू. उलट्यांचा विषय तुम्ही एका वाक्यात उरकला आहे आणि मला त्या वाक्यापुढे जाता येईना.

फक्त पेपरच्या सकाळीच होतात म्हणून तुम्हाला संशय येतो. मला नेमकं तेच गंभीर वाटतं. खूप भीती वाटली की पोट ढवळतं, हात गार पडतात. हे मुलगा ठरवून करत नाही आणि ठरवून थांबवूही शकत नाही. त्याच भीतीचा दुसरा परिणाम उत्तरपत्रिकेत उमटतो. गणित सोडवताना आकडे आणि मधल्या पायऱ्या थोडा वेळ डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. त्यासाठी मेंदूकडे जागा थोडीच असते. 'कमी पडले तर घरी काय होईल' या विचाराने ती अडवली, की येत असलेलं गणितही सुटत नाही. त्याला जाणीव नाही, असं तुम्ही लिहिलंत. जाणीव नसलेल्या मुलाला पेपरच्या सकाळी उलट्या होत नाहीत हो! या आठवड्यात त्याला तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. सोबत जा, पण थोडा वेळ त्याला एकट्याला त्यांच्याशी बोलू द्या. त्यांनी समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगितलं, तर कमीपणा मानू नका.

आता झोप. बारा ते साडेचार म्हणजे साडेचार तास. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी रोज ८ ते १० तास झोप सुचवली आहे. तुमचा मुलगा जेमतेम निम्मी झोप घेतो आहे. दिवसभरात वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं. पहाटे साडेचारला उठवून तुम्ही त्याचा आदल्या दिवशीचा अभ्यास अर्धवट तोडता. हे उद्यापासूनच बंद करा, त्यासाठी कोणाच्या सल्ल्याची वाट पाहू नका.

चार-चार वेळा वाचूनही आठवत नाही, याचं आश्चर्य मला वाटत नाही. जास्त वेळा वाचलं की जास्त लक्षात राहतं, ही समजूत फार घट्ट आहे, आणि परीक्षेच्या बाबतीत ती मुलांचं मोठं नुकसान करते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या काही मुलांनी एक उतारा चारही सत्रांत नुसता वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न बघता, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा नुसतं वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील, असा भरवसा मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होता. वारंवार वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचा झाला की 'आलं' असं वाटतं. पेपरात ओळखायचं नसतं, समोर काही नसताना आठवायचं असतं. ती सवय पुस्तक मिटूनच लागते.

मग तुमचा मुलगा पुस्तक का मिटत नाही? कारण समोर तुम्ही बसलेले असता. पुस्तक उघडं आणि मान खाली, हा तुमच्या वहीत अभ्यास म्हणून नोंदला जातो. छताकडे बघत साखळी अभिक्रिया आठवणारा मुलगा तुम्हाला रिकामा बसलेला दिसेल. शिवाय पुस्तक मिटून लिहायचं म्हणजे आधी चुकायचं, अर्धा कागद कोरा सोडायचा. ज्या घरात प्रत्येक चुकीवर भाषण होतं, तिथे कोणतं मूल असा कागद वडिलांसमोर ठेवेल? सगळ्यात कुचकामी पद्धत त्याने आळसाने निवडलेली नाही. तुमच्या पहाऱ्यात तीच सगळ्यात सुरक्षित आहे. मार्क घसरले म्हणून तुम्ही पहारा वाढवला आणि पहाऱ्यामुळे अभ्यास आणखी पोकळ झाला.

म्हणून ती वही बंद करा आणि तुमची खुर्ची त्याच्या खोलीतून बाहेर काढा. फुटबॉल परत सुरू करा. खेळणारा, मित्रांत मिसळणारा मुलगा टेबलाशी कमी तास बसेल, पण ते तास त्याच्या कामी येतील. मोबाइल त्याच्याशी बोलून परत द्या, अभ्यासाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत ठेवायचं त्याला स्वतः ठरवू द्या. संध्याकाळी 'किती झालं?' विचारण्यापेक्षा 'आज कुठे अडलं?' एवढंच विचारा, आणि उत्तर ऐकल्यावर गप्प बसा. हे शेवटचं तुम्हाला सगळ्यात जड जाईल.

मुलासाठी एक काम आहे. सहामाहीच्या उत्तरपत्रिका घेऊन त्याने प्रत्येक गेलेल्या मार्काशेजारी कारण लिहावं : मुळात समजलं नव्हतं, समजलं होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही. चारही कारणांचे उपाय वेगळे आहेत. समजलंच नसेल तर शिक्षकांना गाठून विचारायला हवं. आठवत नसेल तर आजचा धडा दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने पुस्तक मिटून लिहून बघावा. वेळ पुरत नसेल तर घड्याळ लावून जुने पेपर सोडवावेत. दहावीला पाठांतरावर बरंच निभावतं, अकरावीचं भौतिकशास्त्र आणि गणित तसं निभावू देत नाही. अनेक हुशार मुलं इथेच अडखळतात. हे कागद त्याचे आहेत, त्याने दाखवले तरच बघा.

क्लासबद्दल एवढंच : कुठे अडतं ते कळल्याशिवाय क्लास बदलणं म्हणजे दुखणं न तपासता औषध बदलणं. इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेशपरीक्षांचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

कॉमर्स ही विज्ञानात मार्क कमी पडल्याची शिक्षा नाही. हिशेब, कायदा, अर्थशास्त्र यांत ज्याला रस आहे त्याने तिकडे जरूर जावं. घाबरून, वडिलांनी ढकललं म्हणून गेलेला मुलगा हीच भीती आणि हीच वाचण्याची पद्धत तिकडेही घेऊन जाईल.

तुमच्या पत्रात मुलाला काय आवडतं, याबद्दल एक शब्दही नाही. दोन महिने झोप, खेळ आणि अभ्यासाची ही पद्धत नीट चालू द्या. त्यानंतरही शाखेचा प्रश्न उरला, तर मला पत्र त्याने लिहावं. पाठवण्याआधी ते तुम्ही वाचू नका.