चार महिन्यांच्या बाळाचा काचबिंदू: ऑपरेशन वर्षभर लांबवावं का?

प्रश्नातली माहिती अशी: बाळ चार महिन्यांचं, दोन्ही डोळ्यांत जन्मजात काचबिंदू (डोळ्याच्या आतला दाब वाढलेला), डावं बुबुळ धुरकट. डॉक्टर या आठवड्यातच ट्रॅबेक्युलोटॉमी आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमी (डोळ्याच्या आतल्या पाण्याला वाट करून देणारी दोन ऑपरेशनं) एकत्र करायचं म्हणतात. घरच्यांचं म्हणणं, ड्रॉप्स चालू ठेवू, वर्षाचं झालं की बघू.

वर्षभर थांबू नका. मोठ्या माणसांचं ड्रॉप्सवर वर्षानुवर्षं निभावतं, म्हणून आजी-आजोबांना तसं वाटणं साहजिक आहे. बाळाच्या डोळ्यात मात्र आतलं पाणी जिथून बाहेर पडतं ती कोपऱ्यातली जाळीच नीट घडलेली नसते, आणि औषधाने ती घडत नाही. ड्रॉप्स दाब थोडा उतरवतात, बुबुळ जरा निवळतं, सर्जनला आतलं बरं दिसतं. ऑपरेशनपर्यंतची सोय, एवढंच त्यांचं काम.

शिवाय या वयात डोळ्याची भिंत मऊ असते, दाबाने डोळाच ताणून मोठा होतो. नवजात बाळाच्या कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळाच्या पारदर्शक पडद्याचा, आडवा व्यास साधारण 10 मिमी असतो. वर्षाच्या आत तो 12 च्या वर गेला की संशय घ्यायचा. 'डोळे किती टपोरे' म्हणून कौतुक होतं ते बरेचदा याचंच. ताणलेल्या कॉर्नियाचा आतला पापुद्रा तडकतो, पाणी शिरून बुबुळ धुरकट होतं. दाब उतरल्यावर धूर जातो, तडकल्याच्या रेघा राहतात.

ड्रॉप्सची बाटली आजच वाचा. ब्रिमोनिडिन दोन वर्षांखालच्या मुलाला देत नाहीत. बाळ सुस्त पडतं, श्वास थांबू शकतो. ते टिमोलॉलबरोबरच्या जोडऔषधातही असतं, त्यामुळे नुसतं ब्रँडचं नाव बघून भागत नाही. एकटं टिमोलॉल देतात, पण कमी ताकदीचं, 0.25 टक्के. बाळाला धाप किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा.

आता हेच ऑपरेशन का? गोनिओटॉमी या दुसऱ्या ऑपरेशनात कॉर्नियावर भिंग ठेवून, आत बघत, बारीक सुईने जाळी कापतात. जखम छोटी, डोळ्यावरचं पातळ आवरण शाबूत. पण त्याला काचेसारखा स्वच्छ कॉर्निया लागतो. तुमच्या डाव्या डोळ्यात तो नाही. ट्रॅबेक्युलोटॉमी बाहेरून होते. पांढऱ्या भागात एक झडप उचलून श्लेमची नळी (जाळीतून आलेलं पाणी वाहून नेणारी) शोधायची, तिच्यात वाकडी सळई आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला सरकवायची आणि आत फिरवून जाळी फाडायची. अशी साधारण 100 ते 120 अंश उघडते. काही ठिकाणी प्रोलिनचा धागा किंवा टोकाला दिवा असलेली बारीक नळी पूर्ण फिरवून एकाच वेळी 360 अंश उघडतात. अडचण अशी, की खूप ताणलेल्या डोळ्यात खुणा सरकलेल्या असतात. श्लेमची नळी सापडत नाही, किंवा सळई भलत्याच वाटेने जाते. म्हणून त्याच झडपेखालून पाणी जायला दुसरी वाट करून ठेवतात, तीच ट्रॅबेक्युलेक्टॉमी. आपल्याकडे मुलं धुरकट बुबुळ घेऊन उशिरा येतात, त्यामुळे ही जोडी इथे रुळली. मायटोमायसिन (जखम भरून येऊ न देणारं औषध) लावणार का, हे नक्की विचारा. त्याने वाट बुजत नाही, पण वाटेवर पाण्याचा जो फुगा येतो तो पातळ होतो आणि जंतुसंसर्गाचा धोका पुढे वर्षानुवर्षं राहतो.

एका ऑपरेशनने भागेलच असं नाही. पुढची पायरी ट्यूब, म्हणजे पाणी बाहेर नेणारी नळी डोळ्यात बसवणं: अहमद व्हॉल्व्ह किंवा मदुराईला बनणारं, बरंच स्वस्त एएडीआय. एएडीआयला पाणी अडवणारा व्हॉल्व्ह नसल्याने ट्यूब विरघळणाऱ्या टाक्याने बांधतात. साधारण पाच-सहा आठवड्यांनी टाका सुटला की दाब उतरतो. तोवर ड्रॉप्स आपल्या मनाने बंद करायचे नाहीत.

भुलेआधी आईचं दूध चार तास, वरचं दूध सहा तास बंद. रडतंय म्हणून एक चमचा गुपचूप पाजणं हा खरा धोका, दूध उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. सर्दी-खोकला झाला तर लपवू नका, तारीख पुढे गेलेली परवडते. पण ती काही दिवसांनी, महिन्यांनी नव्हे.

ऑपरेशननंतर बुबुळामागे थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा काही दिवसांत निघून जातं. डोकं उंचावर ठेवा, डोळ्यावर शील्ड ठेवा. लाली वाढत गेली, पू आला, बुबुळ पुन्हा पांढुरकं झालं किंवा बाळ उजेडात डोळे मिटायला लागलं, तर फॉलो-अपच्या तारखेची वाट न बघता जा.

पुढे भुलेखालच्या तपासण्या ठरलेल्या वेळी कराच. दर वेळी चार आकडे लिहून मागा: दाब, कॉर्नियाचा व्यास, डोळ्याची लांबी, डोळ्याच्या नसेतल्या खड्ड्याचं प्रमाण (दाबाने तो वाढतो). भुलेच्या गॅसने दाब खाली येतो, म्हणून नुसता 'दाब 14 आहे, छान' ऐकून निश्चिंत होऊ नका. वयाच्या मानाने लांबी भराभर वाढत असेल तर दाब आटोक्यात नाही. उलट, दाब खरंच उतरला तर लहान मुलांत तो खड्डा कमी झालेला दिसतो, मोठ्यांत सहसा असं होत नाही.

आणि चष्मा. ताणलेल्या डोळ्याला मायनसचा मोठा नंबर असतो, तुमच्या बाळाचा डावा डोळा नजरेत मागे पडणार हे धरून चाला. चांगल्या डोळ्यावर पट्टी किती तास लावायची ते डॉक्टर सांगतील. दाब सुधारूनही नजर गेलेली मुलं दिसतात, ती बहुतेक इथेच ढिलाई झाल्यामुळे.

नात्यात लग्न झालं असेल, मामेबहीण-आतेभाऊ वगैरे, तर जनुकीय सल्ला घ्या. या काचबिंदूला कारण ठरणाऱ्या सीवायपी1बी1 जनुकातला दोष दोन्ही पालकांकडून आला असेल तर पुढच्या प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता. त्याचे डोळे जन्मल्यावर पहिल्या आठवड्यातच दाखवा, डोळ्यांतून पाणी यायची वाट बघू नका.