कुरडईचा चीक आणि नव्याचा सण

प्रश्न : कुरडयांचा थोडा चीक वाळवून ठेवला आहे. कोकणातल्या बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या ज्यू) बायका नव्या वर्षाला याच चिकाचा हलवा करतात म्हणे. आपण चिकावर दूध-तूप घेतो, त्या बायका नारळाचंच दूध का घालतात? प्रमाणही सांगा.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : चीक तोच, तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा. ज्यूंच्या धर्मनियमात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. रोश हशानाला, म्हणजे बेने इस्राएलांच्या ‘नव्याच्या सणा’ला, पंगतीत मटण असलं की दुधातुपाचं गोड बाद. नारळाचं दूध मात्र दोन्हींबरोबर चालतं.

वाळलेला चीक १०० ग्रॅम, साखर ३०० ग्रॅम, चिमूटभर मीठ. तीन मोठे नारळ खवून कोमट पाण्यात दोनदा पिळा. साधारण १ लिटर दूध निघावं. आपल्याकडे नारळ दुकानात बरेच दिवस पडून असतात, तेव्हा हलवून पाणी वाजतं का ते बघा. खवट निघाला तर वेलची-जायफळानंही वास जात नाही. चीक गार दुधातच कालवून गाळा. गरम दुधात टाकला की गाठी झाल्याच, त्या पुढे मोडत नाहीत. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत ढवळा. पांढरेपणा जाऊन चीक पारदर्शक दिसू लागला की मगच साखर घाला. आधी घातली तर चीक नीट फुलत नाही, हलवा खाताना कच्चा, पिठूळ लागतो. गोळा कडा सोडू लागला आणि तेल सुटलं की वेलची, जायफळ, बदाम-पिस्ते घालून तेलाचा हात लावलेल्या ताटात ओता. पूर्ण गार झाल्याशिवाय वड्या कापू नका. घट्टपणासाठी काही जणी चायनाग्रास घालतात. ते समुद्रशेवाळाचं, म्हणून चालतं. जिलेटिन जनावराचं, ते नको.

चीक ओला असेल तर वजन दुप्पट धरा. आंबूस वास येत असेल, किंवा त्यात कुरडईचं मीठ, पापडखार पडला असेल, तर तो कुरडयांनाच ठेवा.

प्रश्न : बेने इस्राएलांचा मलिदा आपल्या दर्ग्यावरच्यासारखाच का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नावच सारखं. आपला चपाती कुस्करून गुळाचा. त्यांचा भिजवलेल्या पोह्यांचा, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा घालून, सोबत फळं. एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावानं लग्नाआधी किंवा नवस फेडताना करतात. पोहे जाडच घ्या आणि नुसते धुऊन निथळा. पातळ पोह्यांचा लगदा होतो.

प्रश्न : नादिरा, प्रमिला या नट्या बेने इस्राएलच ना?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : नाही. १९४७ ची मिस इंडिया प्रमिला (एस्तर व्हिक्टोरिया अब्राहम) आणि ‘श्री ४२०’मधली नादिरा (फ्लोरेन्स इझिकेल) या बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या, ज्यू घराण्यांतल्या. त्यांच्या घरची भाषा मराठी नव्हे. बेने इस्राएल बाईच हवी तर डॉ. जेरुशा झिराड बघा : मुंबईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ, १९६६ च्या पद्मश्री. पडद्यावर नसल्यानं त्यांचं नाव आपल्याकडे फारसं पोचलंच नाही.