औत सोडायची वेळ

पोरी,

तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला, पण सध्या शाळेत पेपर तपासायचं काम चालूय आणि मोबाईलवर एवढं टाइप करायचं म्हणजे माझ्या चष्म्याचीच परीक्षा, म्हणून उशीर झाला. तू लिहिलंस की मंगळवारी आठशेचे आठ रिपीट, म्हणजे आठशे मीटर जोरात आठ वेळा, मस्त निघाले, बुधवारी घाट मारला, गुरुवारी टेम्पोला, म्हणजे एकसारख्या वेगानं जोरात पळायला गेलीस तर दुसऱ्याच किलोमीटरला पाय मणामणाचे झाले. आणि खाली विचारलंस, "मॅडम मी कमी पडायले का, अजून वाढवू का?"

नको वाढवू बाई. पळणं भरपूर झालंय तुझं, बसणं कमी पडायलंय.

मागं एकदा मी तुला विचारलं होतं की ग्राउंडवरून आल्यावर काय काय करतीस, तेव्हा तू अगदी सहज सांगून गेलीस. साडेसातला घरी, मग हापशावरून चार घागरी, मग रात्रीची भांडी, मग अण्णांचा डबा, मग एसटीत उभ्यानं कॉलेज, आणि पहिला घास अकरा वाजता कँटीनचा वडापाव. म्हणजे सहाला रिपीट संपले आणि पोटात अन्न पाच तासांनी, आणि मधले पाच तास पायावरच. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण मलाही ते नॉर्मलच वाटलं, आमचंही असंच होतं. पण तुझा मेसेज वाचल्यावर झोप लागेना, म्हणलं लिहूनच टाकावं.

बघ, रिपीट मारताना तू ताकद कमवत नाहीस, तेव्हा नुसता खर्च चालू असतो. स्नायूत साठवलेली साखर, ग्लायकोजन म्हणतात तिला, ती संपत जाते आणि स्नायूंच्या बारीक धाग्यांना मार बसतो. ती साखर भरून यायला नीट खाल्लं तरी दिवसभर लागतो, साधारण 24 तास धर, आणि उपाशी राहिलीस तर दुसऱ्या दिवशी अर्ध्या टाकीवर घाट चढायलीस असं समज. धाग्यांचं दुखणं तर अजून उशिरा वर येतं, एक-दोन दिवसांनी जास्त जाणवतं, म्हणून बुधवारी तू कशीबशी निभावलीस आणि गुरुवारी बसलीस. ग्राउंडवरची पोरं म्हणतात ना की लॅक्टिक अॅसिड साचलंय, तसं काही नसतंय, ते तासाभरात निघून जातं. दोन दिवसांनी दुखतंय ते वेगळंच.

तू म्हणशील अविनाश साबळे रोज पळतो. आपल्याच बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, 2022 ला बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थमध्ये स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, 8 मिनिटं 11.20 सेकंद काढून सिल्व्हर आणलं आणि गोल्ड फक्त 0.05 सेकंदानं हुकलं, ती रेस मी किती वेळा पाहिली असेल देव जाणे. पळतोच तो रोज. पण रोज तसं पळत नाही, कुणीच पळत नाही, आणि रीलमधी झोपलेला माणूस कुणी दाखवत नाही. शिवाय कॅम्पातल्या खेळाडूला आयतं ताट मिळतं, घागरी भराव्या लागत नाहीत. तुझं त्यांच्याशी वेळापत्रक जुळवायचं तर आधी ह्या घागरीचा हिशोब धर.

आता माझं ऐक. आठवड्यात कडक सेशन दोनच, मंगळवार आणि शुक्रवार, आणि रविवारी लांबचं पळणं, तेही निवांत. बाकीच्या दिवशी इतकं हळू पळायचं की सोबतीणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, एखादीची चुगली करता आली पाहिजे. दम लागून वाक्य तुटलं की तू जास्त जोरात गेलीस. भरतीची पोरं शायनिंग मारत बाजूनं जातील, जाऊ दे त्यांना, त्यांचं 1600 मीटर आहे, तुझं 5000. एक दिवस पूर्ण सुट्टी. आणि तीन आठवडे झाले की चौथ्यात पळणं एक तृतीयांश तरी कमी कर, मग मन कितीही खाऊ दे.

खाण्याचं तर मी ओरडूनच सांगणार. ग्राउंडवर जाताना पिशवीत दोन केळी आणि दोन उकडलेली अंडी ठेवायची, आणि बूट सोडायच्या आधी ती खायची, घरी जाऊन नाही, कारण घरी गेलीस की घागर दिसणार. दोन केळ्यांतून पन्नासेक ग्रॅम कार्ब मिळतात, तुझ्या 48 किलोला पहिल्या तासात तेवढे चांगले. अंडी आणि वर घरी कपभर दूध म्हणजे प्रोटीनचंही वीस ग्रॅमच्या आसपास होतं. अंडी चालत नसतील त्या दिवशी शेंगदाणा-गुळाचा लाडू आणि दही. हे प्रोटीन पावडरचे डबे वगैरे काही घेऊ नको, तेवढ्या पैशात महिनाभर अंडी येतील, आणि जिममधल्या कुणी "ताकदीचं" म्हणून बिनलेबलचं काही दिलं तर हातही लावू नको, त्यात काय असतं देवालाच ठाऊक आणि डोपिंग टेस्टला पकडलं जाणार तू. दुपारी भाकरी, वरण, मटकीची उसळ, वर लिंबू पिळायचं, भाकरी मोजायची नाही.

उपवासाचं काय करायचं ते तू ठरव. मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस, आईच्या मनाविरुद्ध जा असं मी म्हणणार नाही, मी स्वतः योगेश्वरीचं नवरात्र करते. फक्त उपवासाच्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कडक सेशन टाकू नको. साबुदाण्यात नुसतं स्टार्चच, म्हणून सोबत दाणे, दूध, दही भरपूर.

पाण्याचं एक सोपं गणित आहे. पळायच्या आधी आणि नंतर वजन कर, घरी काटा नसेल तर आडतीवरच्या काट्यावर कर, हसू दे लोकांना. किलोभर कमी भरलं तर तेवढा घाम गेला, मग पुढच्या दोन-तीन तासात लिटर-दीड लिटर थोडं थोडं करून प्यायचं, आणि त्यात मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी हवंच, एकदम नुसतं पाणी ढोसायचं नाही, तेही बरं नसतंय. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा ऊन हाच एक वर्कआउट धरायचा आणि पळणं तेवढं कापायचं.

बर्फाच्या पाण्यात बसावं का विचारलंस. अगं, 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, जलदूत म्हणायचे त्या गाडीला, आणि आपण आता टबभर पाण्यात बर्फ टाकून पाय बुडवून बसायचं? थोडं बरं वाटतं त्यानं, पण त्यावाचून काही अडत नाही. तेलमालीश, लाटण्यानं पिंढऱ्या लाटणं, स्ट्रेचिंग, सगळं तसलंच, बरं वाटत असेल तर कर, पण ते करून झोप आणि जेवण बुडवू नको.

झोप म्हणजे आठ तास, जमलं तर नऊ. साडेचारला उठायचं तर साडेआठच्या आत अंथरुणात. सिरियल दहापर्यंत चालते माहितीय मला, आतल्या खोलीत झोप, मोबाईल आईकडं देऊन टाक, मच्छरदाणी लाव. एखादी रात्र लग्नात नाहीतर जागरणात गेली तर सकाळचं कडक सेशन पुढं ढकल. दुपारी वीस मिनिटं पाठ टेकायला मिळाली तर सोनं, पण तास-दोन तास नको, मग रात्री झोप येत नाही.

आता जे सांगते ते नीट वाच. मी तुझ्याएवढी असताना युनिव्हर्सिटीच्या मीटसाठी तयारी करायले, आणि दोन महिने असेच पाय जड, जिना चढताना धाप. कोच म्हणाले, मन कमजोर आहे तुझं, अजून पळ. मी पळले. नडगीच्या हाडात एका जागी बोट ठेवलं की कळ यायची, तरी पळले, पेनकिलर खाऊन पळले. शेवटी दवाखान्यात हिमोग्लोबिन 8.6 निघालं आणि हाडाला बारीक तडा. मीट मी कट्ट्यावर बसून बघितली. आणि त्याआधी पाच महिने माझी पाळी आली नव्हती, ते मी कुणाला सांगितलंच नव्हतं, उलट बरंच झालं कटकट गेली असं वाटायचं. ते बरं नसतं गं. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की शरीर आधी ते बंद करतं, आणि मग हाडं ठिसूळ होत जातात. तीन महिने चुकली की डॉक्टरकडं, लाज न बाळगता, मी येते सोबत.

तर ह्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन आणि जमलं तर फेरिटिन, त्यावरून अंगातला लोहाचा साठा कळतो. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असलं तर तो अॅनिमिया. लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तेवढ्याच घ्यायच्या. आणि जेवल्या जेवल्या चहा बंद, चहानं जेवणातलं लोह अंगी लागत नाही, तासभर तरी जाऊ दे मधी. पेनकिलर खाऊन तर पळायचंच नाही, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना किडनीवर येतं ते. लघवी कोलासारखी काळपट झाली तर घरी वाट बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

उठल्या उठल्या, खाली पाय टाकायच्या आधी, मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोज आणि कालनिर्णयच्या त्या-त्या चौकोनात लिही. रोजच्यापेक्षा सात-आठ ठोके जास्त असे दोन-तीन दिवस निघाले, वर झोप नीट नाही, धाकट्यावर उगीच खेकसायलीस, तर त्या दिवशी पळणं रद्द. कोचला सांगायची भीती वाटत असेल तर माझं नाव सांग.

राहिलं घर. तू म्हणलीस, दिवसा पडले तर आई काही बोलत नाही पण अण्णा बघतात. ते बघणं मला माहितीय, त्यापेक्षा बोललेलं परवडतं. पण एक विचार कर. तुझे अण्णा अजून बैलजोडी राखून आहेत. उन्हं चढली की औत सोडतात, बैलाला सावलीला बांधतात, पाणी दाखवतात, पुढ्यात वैरण टाकतात. औत सोडल्यावर त्याच बैलाला कधी गाडीला जुंपलेलं बघितलंस का? पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना किती मायेनं खांद्याला हळद-तूप चोळतात ते तूच मला सांगितलं होतंस. त्या माणसाला विश्रांती कळत नाही असं नाही. तुझं ग्राउंड म्हणजे पण औतच, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

मंगळवार आणि शुक्रवार, दोनच दिवस घागरी धाकट्यानं भरायच्या, बारा वर्षाचा घोडा झालाय तो, काही झिजत नाही. एवढंच मागायचं, एकदम सगळं नको. तुझ्यानं बोलणं होणार नाही हे मला माहितीय, म्हणून रविवारी मीच येते. अण्णांना सांग मॅडम जेवायलाच येणार आहेत, पिठलं-भाकरी चालेल, आणि ते कालनिर्णय भिंतीवरून काढून ठेव, तोवर पाच-सहा चौकोन भरलेले दिसले पाहिजेत.

तुझी मॅडम