यामाहा घ्या म्हणण्याआधी

ग्रुपमधल्या सगळ्यांनी यामाहाची गिटार घ्यावी असं वाटतंय ना? मग आधी कंपनीचं नावच काढू नकोस. तुझी एफजी८०० त्यांच्या हातात दे. पण त्याआधी तुझ्या आणि त्यांच्या, दोन्ही गिटारींवर ०.०१२ इंचाच्या नव्या तारा चढव. गंजक्या तारांसमोर कोऱ्या तारा वाजवणं ही शुद्ध फसवणूक, आणि ती लगेच कळते.

मग अॅक्शन, म्हणजे तारा फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या पट्टीपासून) किती उंच आहेत ते, मोज. बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेखाली साधारण २.५ मिमी, बारीक ई तारेखाली २. पावसाळ्यात वरची फळी ओल धरून फुगते, तारा वर उचलल्या जातात. जुलैत सांगलीत चांगली गिटारही जड वाटते. ट्रस रॉडने (मानेच्या आतल्या सळीने) फक्त मानेचा बाक सुधारतो, तोही एका वेळी पाव फेरा. मिरजेत तानपुऱ्याची जवारी (घोडीचा माथा घासून नाद जुळवणं) लावून घेणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. गिटारवाले मात्र सेटअपचा (तारा, अॅक्शन, मान यांच्या जुळणीचा) दोष कंपनीच्या माथी मारतात.

बोटं लहान असतील तर एफ३१० सुचव: स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६३४ मिमी, एफजी८००ची ६५०. आणि सेटअपनंतर ज्याची स्वतःचीच गिटार गोड वाजायला लागली, त्याच्या मागे लागू नकोस.